यंत्राची चाळणी आणि कलावंताचे स्वातंत्र्य

२ जानेवारी २०२६ रोजी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ‘एक्स’ या समाजमाध्यमाला नोटीस पाठवली आणि ७२ तासांत कार्यवाहीचा अहवाल मागितला. कारण गंभीर होते. या माध्यमाशी जोडलेल्या ‘ग्रोक’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला कोणीही उठून एखाद्या स्त्रीचे छायाचित्र दाखवत होते, तिचे कपडे तोकडे करण्याची आज्ञा करीत होते आणि हे साधन ती आज्ञा निमूटपणे पाळून तयार झालेले चित्र चारचौघांत प्रसिद्ध करीत होते. पाठोपाठ इंडोनेशिया आणि मलेशियाने त्यावर तात्पुरती बंदी घातली, ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने चौकशी सुरू केली आणि महिन्याच्या मध्यास कंपनीने खऱ्या व्यक्तींच्या छायाचित्रांत असा फेरफार करण्याची सोय बंद करीत असल्याचे जाहीर केले.

या प्रकरणात स्त्रियांची जी विटंबना झाली, तिच्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. चित्र बनवणाऱ्या वा बदलणाऱ्या यंत्राला काही मर्यादा हव्यात, हा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही. वाद आहे तो या मर्यादा कशावर असाव्यात, त्या कोणी आखाव्यात आणि चुकीच्या ठिकाणी आखल्या गेल्या तर दाद कोणाकडे मागावी, याचा.

सरकारने १० फेब्रुवारी २०२६ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली व ती २० फेब्रुवारीपासून अंमलात आली. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मजकुरावर तसा ठळक शिक्का असावा, हा या दुरुस्तीचा सर्वांना ठाऊक झालेला भाग. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात हा शिक्का चित्राचा किमान दहा टक्के भाग व्यापणारा असावा अशी अट होती. अंतिम नियमांतून ती गाळली गेली हे बरेच झाले. चित्राचा दशांश भाग सूचनेला देऊन उरलेल्या जागेत रचना साधणे कोणाही चित्रकाराला जमले नसते. रंगसुधारणेसारख्या नेहमीच्या, सद्हेतूने केलेल्या संपादनालाही या नियमांनी व्याख्येबाहेर ठेवले आहे. येथवर सारे ठीक.

परंतु याच दुरुस्तीतील दुसरा भाग अधिक दूरगामी आहे. बेकायदा चित्र तयारच होऊ नये यासाठी तांत्रिक उपाय योजण्याची जबाबदारी तिने साधन पुरवणाऱ्यांवर टाकली आहे. अशा बेकायदा गोष्टींच्या यादीत बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारी चित्रे आहेत, संमतीविना बनवलेली खाजगी चित्रे आहेत, बनावट कागदपत्रे आहेत. त्यांच्याच पंक्तीला ‘अश्लील’, ‘असभ्य’ असे शब्दही बसवले आहेत. पहिल्या गटातील गोष्टी ओळखण्यासाठी निश्चित कसोटी आहे. बालक म्हणजे कोण, हे कायद्याने ठरलेले आहे आणि संमती होती की नव्हती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. दुसऱ्या गटातील शब्दांचे तसे नाही. त्यांचा अर्थ लावण्यात भारतीय न्यायालयांची साठ वर्षे गेली आणि ते काम अद्याप संपलेले नाही.

१९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी अश्लील ठरवली. त्यासाठी आधार घेतला तो १८६८ सालच्या ‘हिक्लिन’ या इंग्रजी निकालाचा. एखाद्या कृतीचा परिणाम ज्यांचे मन सहज बिघडू शकते त्यांच्यावर काय होईल, हे त्या कसोटीत पाहिले जाई. ही कसोटी टाकून देण्यास २०१४ साल उजाडावे लागले. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची कृष्णवर्णीय वाग्दत्त वधू यांचे विवस्त्र छायाचित्र १९९३ मध्ये कोलकात्याच्या दोन नियतकालिकांनी छापले होते. ते छायाचित्र मुलीच्या वडिलांनीच काढले होते आणि वर्णद्वेषाचा धिक्कार हा त्यामागील हेतू होता. अवीक सरकार विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, छायाचित्राकडे त्याच्या संदर्भासह आणि समकालीन समाजाच्या मापाने पाहावे लागेल. त्या मापाने ते अश्लील ठरले नाही.

आता हेच छायाचित्र आजच्या एखाद्या चित्र-संपादन साधनात उघडून त्याची केवळ पार्श्वभूमी थोडी रुंद करण्याची आज्ञा दिली, तर काय होण्याचा संभव अधिक आहे? बहुतेक साधने नकार देतील. त्यांना दोन उघडे देह दिसतील. संदर्भ दिसणार नाही. न्यायालयाला एकवीस वर्षांनंतर जे निर्दोष वाटले, ते यंत्र क्षणार्धात दोषी ठरवील आणि त्या निर्णयाचे कारणही सांगणार नाही.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी या साधनांची रचना थोडी पाहावी लागेल. वापरणाऱ्याने लिहिलेली सूचना प्रथम एका चाळणीतून जाते. त्यात निषिद्ध शब्द किंवा त्या अर्थाची वाक्यरचना आढळली तर काम तेथेच थांबते. त्याने पुरवलेले चित्रही अनेकदा तपासले जाते. तयार झालेले चित्र वापरणाऱ्याला दिसण्यापूर्वी आणखी एका चाळणीतून जाते. ही शेवटची चाळणी चित्राचे रूपांतर आकड्यांत करते आणि आधी ठरवलेल्या निषिद्ध संकल्पनांशी ते आकडे किती जुळतात, हे मोजते. जुळणी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की चित्र रद्द होते. ही मर्यादा किती सैल वा कडक ठेवायची, हे कंपनी ठरवते. चुकून एखादे आक्षेपार्ह चित्र सुटले तर कंपनीचे नाव वर्तमानपत्रात येते. शंभर निर्दोष चित्रे अडली तर येत नाही. साहजिकच ती मर्यादा कडक ठेवण्याकडे कल राहतो.

२०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे खुले साधन प्रसिद्ध झाले, तेव्हा संशोधकांनी त्याच्या चाळणीची उकल केली. ती लैंगिक स्वरूपाच्या संकल्पना अडवत होती. हिंसाचार आणि रक्तपात मात्र तिच्यातून सुखेनैव पार होत होते. या चाळण्यांत कोणाची मूल्ये गुंफली गेली आहेत, याचा हा बोलका पुरावा म्हणता येईल. २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या दैनिकाने मोठ्या कंपन्यांच्या प्रतिमा-वर्गीकरण प्रणाली तपासल्या. पुरुषांच्या तत्सम छायाचित्रांपेक्षा स्त्रियांची छायाचित्रे त्या अधिक ‘उत्तान’ ठरवत असल्याचे आढळले. गर्भवतीच्या उघड्या पोटाचे छायाचित्रही त्यांना तसेच वाटले. त्याच सुमारास ‘मिडजर्नी’ या साधनाने मानवी प्रजननसंस्थेशी संबंधित वैद्यकीय शब्दांवरच बंदी घातल्याचे उघड झाले. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासाठी आकृत्या काढणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्या बंदीत नव्हते.

‘अ‍ॅडोबी’ कंपनीचे ‘फोटोशॉप’ १९९० पासून बाजारात आहे. छायाचित्रकार, जाहिरातकार, पुस्तकांची मुखपृष्ठे करणारे असे असंख्य लोक त्यावर पोट भरतात. २०२३ च्या मे महिन्यात त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचा निवडलेला भाग भरून काढण्याची सोय आली आणि तेव्हापासून वापरणाऱ्यांची एक तक्रार सतत ऐकू येते. मागणी असते केवळ मागची भिंत वाढवण्याची किंवा केसांची एक बट काढून टाकण्याची. परंतु चित्रात उघडा खांदा वा पोहण्याचा पोशाख असला की ‘मार्गदर्शक तत्त्वांचा भंग’ असा शेरा येऊन काम थांबते. कोणत्या तत्त्वाचा भंग, कोणत्या भागामुळे, हे कळत नाही. बिचारा छायाचित्रकार मग तो खांदा काळ्या रंगाने झाकतो, काम करून घेतो आणि नंतर खांदा परत उघडा करतो.

फोटोशॉपमध्ये चित्र अडवण्याचा प्रकार यापूर्वी झालेला नाही असे मात्र नाही. २००३ साली आलेल्या आवृत्तीत चलनी नोटांची प्रतिमा उघडण्यास प्रतिबंध करणारी यंत्रणा गुपचूप बसवली गेली होती. मध्यवर्ती बँकांच्या एका गटाने ती तयार केली होती. २००४ च्या आरंभी ही गोष्ट उघड झाली तेव्हा मोठा गहजब झाला. आज मागे वळून पाहता तो प्रतिबंध फारच समंजस वाटतो. त्याचे लक्ष्य एकच आणि सुस्पष्ट होते. काम का थांबले हे तो सांगत असे व नोटांच्या प्रतिमांविषयीचे नियम कोठे वाचावेत, हेही दाखवत असे. आजच्या चाळण्यांत या तिन्ही गोष्टींचा अभाव आहे.

नग्न देहाचा अभ्यास हा चित्रकलेच्या शिक्षणाचा पाया मानला गेला आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थी जिवंत मॉडेल समोर बसवून देहाची रचना शिकत आले. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट अशाच एका मॉडेल स्त्रीच्या जीवनावर आहे. २०१७ साली परीक्षक मंडळाने निवडूनही माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून वगळला आणि मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. पुढे २०१८ मध्ये प्रमाणन मंडळाने त्याच चित्रपटाला एकही दृश्य न कापता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. यंत्राच्या शिक्षणाचीही काहीशी अशीच गोष्ट झाली आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या पुढच्या आवृत्त्यांच्या प्रशिक्षणातून नग्न चित्रे गाळण्यात आली. जून २०२४ च्या आवृत्तीला गवतावर पहुडलेली साधी, कपडे घातलेली स्त्रीही धड काढता येईना. हातपाय भलतीकडून फुटू लागले. देहाचा अभ्यास काढून घेतल्याचाच हा परिणाम, असा तर्क अनेक जाणकारांनी मांडला. कलाशाळेतील कोणत्याही शिक्षकाला तो ऐकून नवल वाटले नसते.

भारतीय परंपरेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. आपल्या देशातील प्राचीन शिल्पांत व भित्तिचित्रांत अनावृत देह हा अपवाद नाही. खजुराहो व कोणार्क यांची नावे सर्वांच्या ओठांवर असतात, परंतु प्रश्न तेवढ्यापुरता नाही. पाटण्याच्या संग्रहालयातील दीदारगंजची यक्षी, अजिंठ्याच्या लेण्यांतील राजस्त्रिया, रा. चिं. ढेरे यांनी ज्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला त्या लज्जागौरीच्या मूर्ती यांतील कशाचेही छायाचित्र स्वच्छ करायचे, भंगलेला भाग कल्पनेने पुरा करून पाहायचा, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन फार उपयोगी ठरू शकते. चाळणीला मात्र लज्जागौरीत देवता दिसत नाही, एक शरीरस्थिती दिसते. कायद्याने याची जाण फार पूर्वी दाखवली होती. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितार्थ असलेल्या कृती, तसेच प्राचीन वास्तू व मंदिरांतील शिल्पे यांना स्पष्ट अपवाद होता आणि भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. नव्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार चाळणी बसवणाऱ्या कंपनीला हा अपवाद चाळणीत उतरवणे बंधनकारक आहे काय? तसे स्पष्ट शब्दांत कोठे म्हटलेले नाही.

अधिकाऱ्याच्या हाती चाळणी दिली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण ताजे आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती ब्रिटनमधील लिलावांतून विकत घेऊन भारतात आणल्या गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्या ‘अश्लील’ म्हणून अडवल्या आणि जुलै २०२४ मध्ये जप्त करून ५० हजार रुपये दंडही ठोठावला. यातील योगायोग असा की, याच पदमसींवर १९५४ साली जहांगीर कलादालनातील ‘लव्हर्स’ या चित्रांवरून खटला भरला गेला होता आणि ते त्यातून निर्दोष सुटले होते. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे अधिकाऱ्याने ध्यानात घेतले नाही आणि तज्ज्ञांचे मतही दुर्लक्षिले, असा न्यायालयाच्या विवेचनाचा रोख होता.

या प्रकरणात कलाकृती दीड वर्ष अडकून पडल्या हे खरे. तरीही तेथे एक अधिकारी होता, त्याचा लेखी आदेश होता, त्यात कारणे होती आणि त्या कारणांचा प्रतिवाद करण्यासाठी न्यायालय होते. चित्रपटांच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. ‘ए टेल ऑफ फोर सिटीज’ या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या अनुबोधपटाच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. पण त्याचबरोबर, कलात्मक काय आणि कलाहीन काय यातील भेद करणारे निकष असलेच पाहिजेत, असे बजावले. पुढे आलेले अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, तरी निर्मात्याला उच्च न्यायालयाचा दरवाजा मोकळा आहे. यंत्राची चाळणी ही वस्तुतः पूर्वतपासणीच आहे. चित्र जन्माला येण्याआधीच ती ते थांबवते. मात्र सरकारी मंडळावर असलेले एकही बंधन तिच्यावर नाही.

देहाचा विषय सोडून व्यंग्याकडे वळले तरी चित्र फारसे वेगळे नाही. मिडजर्नीने चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचे नाव निषिद्ध शब्दांत घातले होते आणि वाद टाळण्यासाठी तसे केल्याचे कंपनीच्या प्रमुखांचे स्पष्टीकरण २०२३ मध्ये गाजले. एका देशातील सत्तेची नाराजी नको म्हणून जगभरातील व्यंगचित्रकारांवर बंदी, असा त्याचा अर्थ होतो. शंकर आणि आर. के. लक्ष्मण यांच्या देशात पंतप्रधानांचे नाक लांब काढणे हा दखलपात्र प्रकार मानला जात नसे! मार्च २०२५ मध्ये ‘ओपनएआय’ने मात्र धोरण बदलले आणि प्रसिद्ध प्रौढ व्यक्तींची चित्रे काढण्यास मुभा दिली; ज्यांना हे नको असेल त्यांनी तसे कळवावे, अशी सोय ठेवली. सरसकट नकारापेक्षा ही पद्धत बरी. अर्थात तिलाही मर्यादा आहेत. याच कंपनीच्या चलच्चित्र बनवणाऱ्या साधनातून मार्टिन ल्यूथर किंग यांची अवमानकारक दृश्ये निघू लागली, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या वारसांच्या विनंतीवरून ती थांबवावी लागली.

आपल्याकडे दिवंगत थोर पुरुषांच्या चित्रणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या मराठी कवितेवरील खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतिहासात आदराचे स्थान असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत समाजमान्य मर्यादांची कसोटी अधिक काटेकोरपणे लावावी लागेल. हा निकाल अनेकांना पटला नाही. प्रस्तुत लेखकालाही पटत नाही. परंतु तो वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो, त्याचा पुनर्विचार मागता येतो. कंपनीच्या यादीत कोणती नावे आहेत, हे तर आपल्याला पाहायलाही मिळत नाही.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. कंपनी खाजगी आहे. आपले यंत्र कोणत्या कामाला वापरू द्यायचे हे ठरवण्याचा तिला अधिकार आहे. कलावंताने कुंचला हाती घ्यावा, त्याला कोण अडवतो? प्रश्न असा की, ज्या साधनांवर व्यवसाय उभे आहेत ती मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत आणि त्यांचे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. कुंचला विकणाऱ्या दुकानदाराने घरी येऊन चित्र तपासल्याचे ऐकिवात नाही. शिवाय या कडकपणाने दुष्टांना अटकाव होतो, असेही दिसत नाही. ज्याला एखाद्या मुलीची विटंबना करायची आहे तो नामांकित कंपनीचे सशुल्क साधन वापरत बसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर-वकिलांनी ऑगस्ट २०२४ मध्ये अशी विवस्त्र चित्रे बनवून देणाऱ्या सोळा संकेतस्थळांवर दावा दाखल केला, तेव्हा त्यांना सहा महिन्यांत वीस कोटींहून अधिक भेटी झाल्याचे समोर आले होते. नियम पाळणारा छायाचित्रकार खांदा झाकत बसतो आणि नियम मोडणाऱ्याला दुसरे दुकान उघडे असते, अशी ही स्थिती आहे.

म्हणून मर्यादेची रेषा बदलणे आवश्यक आहे. ‘चित्रात काय आहे’ यापेक्षा ‘चित्र कोणाचे आहे आणि त्या व्यक्तीची संमती आहे काय’, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. ओळखू येणाऱ्या जिवंत व्यक्तीच्या देहाशी तिच्या संमतीविना खेळ करणाऱ्या आज्ञा सरसकट थांबवाव्यात. बालकांच्या बाबतीत तर कोणताही अपवाद नको. काल्पनिक देह, प्राचीन शिल्प, जुन्या चित्रकारांच्या कृती, वैद्यकीय आकृत्या व राजकीय व्यंग्य यांना प्रौढ वापरकर्त्यांसाठी वाट मोकळी असावी. हे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे असे नाही. संमती ओळखणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही आणि कलेचे निमित्त पुढे करून चाळणी चुकवणारेही निघतील. परंतु ज्या कंपन्या मजकुरातील बारकावे समजून घेणारी यंत्रे विकतात, त्यांनी नकाराच्या वेळी मात्र एका ओळीच्या शेऱ्यापलीकडे जाता येत नाही असे म्हणावे, हे पटण्यासारखे नाही.

दाद मागण्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान नियमांखाली २०२३ मध्ये तीन तक्रार अपील समित्या स्थापन झाल्या आहेत. समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर असमाधानी असलेल्या व्यक्तीला तीस दिवसांत त्यांच्याकडे अपील करता येते. चित्र बनवणाऱ्या साधनाने काम नाकारल्यास त्याचे कारण लेखी मिळावे, तक्रार अधिकाऱ्याने ते माणसाच्या नजरेने तपासावे आणि त्याविरुद्धचे अपील याच समित्यांनी ऐकावे, एवढी तरतूद पुढील दुरुस्तीत करता येईल. त्याचबरोबर कला व प्राचीन शिल्पांना फौजदारी कायद्याने दिलेला अपवाद ‘अश्लील’ आणि ‘असभ्य’ या शब्दांच्या जोडीने नियमांत लिहिला जावा. फेब्रुवारीतील दुरुस्तीपूर्वी सरकारने मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या आणि दहा टक्क्यांची अट त्यानंतरच गळाली. चित्रकार, छायाचित्रकार आणि कलाशाळा यांनी आपले म्हणणे पुढच्या वेळी तितक्याच नेटाने मांडले, तर या दोन तरतुदींसाठी सरकारला फार मोठा खर्च येणार नाही.